8 इंची डॉब्सोनियन दुर्बीण: नागपूरच्या गच्चीवरचे दोन उन्हाळे

दुकानदाराला फोनवर माझा पहिलाच प्रश्न होता, "या दुर्बिणीतून पालोमार 5 दिसेल का?" पालोमार 5 म्हणजे एक विरळ गोलाकार तारकागुच्छ, आकाशगंगेभोवती फिरणारा ताऱ्यांचा गोल पुंजका. दुकानदार म्हणाला, "काका, सगळं दिसेल. ग्रह, नेब्युला, दीर्घिका, सगळं." दोन उन्हाळे ही दुर्बीण वापरल्यावर त्या प्रश्नाचं उत्तर आता मीच देतो: नाही दिसत. त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या गच्चीवरून नाही, आणि पेंचच्या अंधारातूनही मला दिसला नाही. तरी ₹54,000 मोजल्याचं मला एक दिवसही वाईट वाटलं नाही. ते का, हे सांगायचं तर आढावा थोडा लांबेल. घाईत असाल त्यांच्यासाठी एवढंच, की जिना चढताना वीस किलो वजन दोन खेपांत नेता येत असेल आणि गच्ची स्वतःची असेल, तर घ्या.

आधी वस्तू सांगतो. 203 मिलिमीटर व्यासाचा आरसा, 1200 मिलिमीटर नाभीय अंतर, सव्वा हाताच्या घेराची लांब नळी, आणि ती नळी ज्यावर डोलते तो पार्टिकल बोर्डचा फिरता पाट. मोटर नाही, संगणक नाही. हाताने ढकलायची आणि जिथे सोडाल तिथे थांबते. सोबत 25 आणि 10 मिलिमीटरच्या दोन नेत्रिका (डोळा लावायची भिंगं) येतात, म्हणजे 48 पट आणि 120 पट. अंधाराला सरावलेल्या डोळ्यापेक्षा हा आरसा साधारण 800 पट जास्त प्रकाश गोळा करतो. या किमतीत एवढा मोठा आरसा दुसऱ्या कुठल्याही रचनेत मिळत नाही, कारण पैसा बैठकीत न जाता आरशात जातो. ही रचना लोकप्रिय केली जॉन डॉब्सन यांनी. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत वीसेक वर्षं संन्यासी होते, आणि टाकाऊ सामानातून दुर्बिणी बनवून फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचे. दुर्बीण हातात घेतली की हे आठवतं आणि बरं वाटतं.

माल मात्र नीट आला नाही. आरशामागचे तिन्ही स्क्रू सैल होते आणि फाइंडरची, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीची, कडी तुटलेली. फोटो पाठवले, पावती पाठवली, तरी नवी कडी यायला तीन आठवडे लागले. तोवर मी फाइंडर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधून वापरला. आरसे एका रेषेत आणणं, ज्याला कोलिमेशन म्हणतात, ते पहिल्या दिवशी दोन तास चाललं. आता पाच मिनिटांत होतं. नवख्या माणसाने याला घाबरू नये, पण दुकानदार "डब्यातून काढा आणि बघा" म्हणतो त्यावर विश्वासही ठेवू नये.

आता मी पालोमार 5 चं नाव का घेत होतो, ते.

मी पाटबंधारे खात्यात होतो. नोकरीची बरीच वर्षं पेंचच्या उजव्या कालव्यावर गेली. कालव्यावर काम करणारा माणूस पाण्याकडे बघून जमिनीबद्दल बोलायला शिकतो. तळाशी दगड पडला असेल तर तो दिसत नाही, पण वर पाण्याला घडी पडते. भरावाखाली पोकळी असेल तर तीही दिसत नाही, पण खालच्या अंगाला ऐन मेमध्ये हिरवं गवत उगवतं. पाण्याचा वेग मोजायचं यंत्र जवळ नसलं तर एक ठोकळा सोडायचा, ठरलेल्या दोन खुणांमधलं अंतर तो किती सेकंदांत कापतो ते घड्याळावर बघायचं. ठोकळ्याला स्वतःचं काही म्हणणं नसतं. तो फक्त पाण्याचं सांगतो.

निवृत्तीनंतर मुलीने पुण्याहून एक लेख पाठवला. त्यात होतं की आकाशगंगेभोवती पालोमार 5 सारख्या तारकागुच्छांतून निसटलेल्या ताऱ्यांचे लांबच लांब ओघळ आहेत, आणि त्या ओघळांच्या वळणांवरून, त्यांतल्या तुटींवरून शास्त्रज्ञ न दिसणाऱ्या डार्क मॅटरचा माग काढतात. मी तो लेख त्या रात्री तीनदा वाचला. हे तर आमचंच काम होतं, फक्त कालवा लाखो प्रकाशवर्षांचा. त्याच सुमारास, जानेवारी 2024 मध्ये, आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. ज्या जंगलाच्या पाण्यावर मी आयुष्य काढलं त्याचा अंधारही आता मोलाचा ठरला होता. फेब्रुवारीत दुर्बिणीचे पैसे भरले.

गच्चीवरचा अनुभव सांगताना नागपूरचा उन्हाळा सांगावाच लागेल, कारण हा आढावा पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या माणसाने लिहिला तर हे त्यात येणार नाही. मेमध्ये दिवसभर पंचेचाळीस अंशांत तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत ऊन ओकत असतो. त्याची हवा नळीसमोरून वर जाते आणि तारा पाण्याखालच्या नाण्यासारखा हलतो. 120 पटीला तर गुच्छाचा नुसता लगदा दिसतो. यावर उपाय आपल्याकडे पूर्वापार आहे: संध्याकाळी सात वाजता गच्चीवर पाणी मारायचं, भरपूर, दोनदा. आम्ही लहानपणी अंथरुणं टाकण्याआधी मारायचो तसंच. दुर्बीण दोन तास आधीच बाहेर काढून ठेवायची, म्हणजे आरसा हवेच्या तापमानाला येतो. आणि शेजाऱ्याच्या एसीचं बाहेरचं डबडं कुठल्या भिंतीला आहे ते बघून जागा निवडायची. एवढं केलं की साडेदहानंतर चित्र बसायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत हा त्रास नाही, पण तेव्हा आकाशात गोलाकार तारकागुच्छ कमी असतात. त्यांचा हंगाम उन्हाळाच.

पहिला गुच्छ पाहिला तो ओमेगा सेंटॉरी. दिल्लीच्या माणसाला हा कसाबसा क्षितिजाजवळ दिसतो. नागपूरहून तो दक्षिणेला 21 अंश वर येतो, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर दोन मुठी. शोधायची खूण सोपी आहे. चित्रा नक्षत्राचा तारा जेव्हा बरोबर दक्षिणेला येतो, तेव्हा हा गुच्छ जवळजवळ त्याच उभ्या रेषेत खाली असतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात हा योग रात्री साडेदहाच्या सुमारास येतो. आमच्या गच्चीवरून त्या दिशेला विमानतळ आणि मिहानचा उजेड आहे, त्यामुळे नुसत्या डोळ्याने काही दिसलं नाही. 48 पटीच्या नेत्रिकेत मात्र मी नळी चित्रापासून हळूहळू खाली आणत गेलो आणि एका क्षणी सगळं क्षेत्र राखाडी रव्याने भरून गेलं. डोळा स्थिरावला तसा रव्याचा एकेक कण वेगळा झाला. जवळपास एक कोटी तारे, सतरा हजार प्रकाशवर्षांवर. मी खाली जाऊन बायकोला उठवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "दळण सांडल्यासारखं आहे." याहून चांगलं वर्णन मी अजून वाचलेलं नाही.

हा गुच्छ खरं तर गुच्छ नसावा. आकाशगंगेने फार पूर्वी गिळलेल्या एका छोट्या दीर्घिकेचा तो उरलेला गाभा असावा, असं बहुतेक शास्त्रज्ञांचं मत आहे. 2019 मध्ये त्याच्यातून निसटलेल्या ताऱ्यांचा ओघळही सापडला. मी पहिल्यांदा पाहिला त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै 2024 मध्ये, हबल दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या छायाचित्रांवरून बातमी आली की त्याच्या मध्याजवळ सात तारे इतके वेगाने पळताहेत की तिथे किमान 8,200 सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असलं पाहिजे. ते वाचलं त्या दिवशी संध्याकाळी ढग होते. नाहीतर मी पुन्हा वर गेलो असतो.

शेजारचे बोरकर भाऊ अधूनमधून वर येतात. "काय दिसून राहिलं, भाऊ?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एकदा त्यांची नात सोबत होती, नववीतली. मी तिला शौरी तारकासमूहातला एम 13 हा गुच्छ दाखवला आणि बोलता बोलता डार्क मॅटर म्हणून गेलो. तिने नेत्रिकेवरून डोळा न काढता विचारलं, "आजोबा, पण जे दिसतच नाही ते आहे हे कशावरून?"

त्या रात्री मी तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण ही दुर्बीण घेणाऱ्याला याचा उपयोग आहे. हे माहीत नसेल तर गोलाकार गुच्छ म्हणजे एकामागून एक सारखेच धूसर गोळे, आणि चौथ्या गोळ्यानंतर माणूस शनीकडे वळतो.

आपली आकाशगंगा म्हणजे साधारण लाखभर प्रकाशवर्षं रुंद अशी ताऱ्यांची थाळी. पण तारे ज्या वेगाने फिरतात, त्या वेगाला धरून ठेवायला थाळीतलं दिसणारं वजन पुरत नाही. 1970 मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचे वेग मोजले, तेव्हा बाहेरच्या भागातही वेग उतरताना दिसेना. मग मानावं लागतं की थाळीभोवती न दिसणाऱ्या द्रव्याचा प्रचंड गोळा आहे. त्यालाच हेलो म्हणतात. विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सुमारे 85 टक्के या अदृश्य प्रकारचं आहे.

या हेलोतून दीडशेहून जास्त गोलाकार गुच्छ फिरतात. गुच्छाची जी बाजू आकाशगंगेच्या मध्याकडे असते तिला ओढ जास्त, दूरच्या बाजूला कमी. म्हणून दोन टोकांनी तारे निसटत राहतात, जसा भरलेल्या पोत्याला दोन कोपऱ्यांत भोक पडावं. आतल्या टोकाने निसटलेला तारा किंचित लहान कक्षेत जातो आणि पुढे पळतो. बाहेरच्या टोकाचा किंचित मोठ्या कक्षेत जातो आणि मागे पडतो. गुच्छाच्या पुढे एक शेपूट, मागे एक शेपूट. निसटताना ताऱ्यांचा वेग अगदी थोडा असल्यामुळे ही शेपटं अब्जावधी वर्षं बारीक धाग्यासारखी राहतात. अशा गुच्छांत डार्क मॅटर जवळजवळ नसतं, हाही मोठा फायदा. म्हणजे हे तारे आमच्या ठोकळ्यासारखे झाले. त्यांना स्वतःचं म्हणणं नाही. ते फक्त हेलोचं सांगतात.

काय सांगतात? पहिली गोष्ट, हेलोचा आकार. तो चेंडूसारखा असेल तर धागा एका प्रतलात राहतो. चपटा असेल तर धागा पिळला जातो, पसरतो. 2016 मध्ये जो बोव्ही आणि सहकाऱ्यांनी पालोमार 5 आणि जीडी-1 हे दोन ओघळ एकत्र तपासले, तेव्हा आतल्या साधारण 65 हजार प्रकाशवर्षांपर्यंत हेलो जवळजवळ गोलच निघाला. दुसरी गोष्ट, शेजाऱ्याचं वजन. ऑर्फन नावाच्या ओघळातले तारे ओघळाच्या दिशेला सोडून तिरके सरकताना दिसले. 2019 मध्ये त्याचं कारण निघालं ते मोठा मॅजेलनी मेघ, म्हणजे आपल्याजवळची छोटी दीर्घिका. त्या तिरकेपणावरून तिचं वजन काढलं तर ते सुमारे 14 हजार कोटी सूर्यांएवढं आलं. हा मेघ नागपूरच्या क्षितिजावर येता येता राहतो, त्याचा मध्य जेमतेम एक अंश खाली असतो. नात म्हणाली, "म्हणजे तो आपल्याला दिसत नाही, पण आपल्या ताऱ्यांना ओढतो." हो, तसंच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त भावते, ती म्हणजे तुटी. जीडी-1 हा ओघळ 2006 मध्ये ग्रिलमेअर आणि डायोनाटोस यांना सापडला. सप्तर्षीपासून कर्क राशीच्या बाजूला 63 अंशांपर्यंत पसरलेला आणि रुंदीला फक्त अर्धा अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढा. ज्या गुच्छातून तो आला त्याचा आज पत्ता नाही, सगळा विरघळून गेला. उगम आटला आणि ओढा वाहतो आहे. 2018 मध्ये गाया उपग्रहाच्या मोजमापांवरून प्राइस-व्हेलन आणि अना बोनाका यांनी त्याचा स्वच्छ नकाशा काढला, तर त्यात मोकळ्या जागा दिसल्या आणि एका ठिकाणी बाजूला फुटलेला फाटा. पुढच्या वर्षी बोनाका आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं: 10 लाख ते 10 कोटी सूर्यांच्या वजनाची एक दाट वस्तू जवळून गेली असेल तर अशी तूट आणि असा फाटा पडतो. ओळखीचा कुठलाही गुच्छ किंवा छोटी दीर्घिका त्या जागी बसेना. तारे नसलेला, निव्वळ डार्क मॅटरचा गोळा, ही एक शक्यता उरते.

तूट पडते कशी, हे समजायला मला दोन दिवस लागले, कारण ते उलटं आहे. गोळा जवळून जाताना तारे स्वतःकडे ओढतो, मग तिथे गर्दी व्हायला हवी. पण पुढचे तारे मागे ओढले गेले की त्यांची कक्षा लहान होते, आणि लहान कक्षेतले तारे जास्त भरभर फिरतात, म्हणून ते आणखी पुढे जातात. मागचे पुढे ओढले गेले की त्यांची कक्षा मोठी होते आणि ते मागे पडतात. दोन्हीकडून तारे लांब सरकतात आणि मध्ये भगदाड पडतं. कागदावर काढून बघा, बोरकरांच्या नातीने गच्चीच्या फरशीवर खडूने काढून बघितलं.

यात एक सावधगिरी आहे, आणि ती लपवणं बरोबर नाही. प्रत्येक तूट डार्क मॅटरची नसते. 2017 मध्ये सारा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पालोमार 5 च्या शेपटातली तूट आकाशगंगेच्या मध्यातल्या, ताऱ्यांच्या फिरत्या दांड्यामुळेही पडू शकते. मोठे वायुमेघही असा धक्का देतात. कालव्यात पातळी उतरली की दर वेळी भरावच फुटलेला असतो असं नाही, कधी वरच्या गेटवाल्याने चाकी फिरवलेली असते. म्हणून एका तुटीवरून निष्कर्ष काढायचा नाही, पुष्कळ ओघळांतल्या तुटी मोजायच्या. लहान गोळे भरपूर निघाले तर डार्क मॅटरचे कण जड आणि मंद. निघालेच नाहीत तर कण हलके आणि चपळ, कारण चपळ कणांचे लहान गोळे जमतच नाहीत. आकाशातल्या धाग्याची विरलेली जागा बघून न सापडलेल्या कणाचा स्वभाव ठरवायचा, हे मला अजूनही थक्क करतं.

शंभराहून जास्त ओघळ आता माहीत आहेत. गायाने जवळजवळ 200 कोटी तारे मोजले आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचं निरीक्षण थांबलं. चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं जून 2025 मध्ये आली. 8.4 मीटरचा आरसा आणि दहा वर्षांचं सर्वेक्षण. फिकट ओघळांतल्या बारीक तुटी तिला दिसतील अशी सगळ्यांची आशा आहे. गायाचा साठा कोणालाही फुकट उतरवता येतो. मुलगी दिवाळीत आली होती तेव्हा तिने लॅपटॉपवर जीडी-1 चे तारे गाळून दाखवले. त्या पडद्यावरच्या ठिपक्यांची रांग बघितली आणि मी तिला म्हटलं, आता पेंचला जाऊ.

प्रत्यक्ष जाणं झालं 2025 च्या एप्रिलअखेर, अमावास्येच्या आसपास. नळी वॅगनआरच्या मागच्या सीटवर आडवी जेमतेम मावते, खाली चादर आणि दोन उशा. पाट डिकीत. जबलपूर रस्त्याने देवलापारच्या अलीकडे पवनीहून आत वळलं की सिल्लारी, नागपूरपासून सत्तरेक किलोमीटर. मुक्काम गावाजवळ केला आणि आवारातल्या मालकाला सांगून बाहेरचे दिवे बंद करून घेतले. ज्यांना दुर्बीण न घेताच आकाश बघायचं आहे त्यांनीही एकदा तिथे जावं. दक्षिणेला क्षितिजाशी नागपूरचा पिवळा डाग दिसतो, बाकी सगळीकडे अंधार, आणि रातव्याची टकटक.

सव्वाअकराला ओमेगा सेंटॉरी. नागपूरच्या उजेडाच्या डागाच्या बराच वर, आणि या वेळी नुसत्या डोळ्यालाही, पुसट ताऱ्यासारखा. दुर्बिणीत तर गच्चीवर जो रवा होता तो इथे साखर झाला होता.

एकच्या सुमारास एम 5. स्वाती आणि ज्येष्ठा यांच्या मध्ये, बराच उंच, 120 पटीला कडेपर्यंत तारे सुटे होतात आणि मधला भाग दाणेदार दिसतो. इथे एक तक्रार: सोबत मिळणारी 10 मिलिमीटरची नेत्रिका वाईट आहे. कडेचे तारे शेपटीवाले दिसतात आणि डोळा अगदी टेकवावा लागतो, चष्मा असेल तर अशक्य. मी पुढे ₹3,500 ची वेगळी घेतली. किमतीत तेवढे धरूनच चाला. फाइंडरही सरळ बघायचा आहे, त्यामुळे उंचावरच्या वस्तूसाठी मान उलटी करून गुडघ्यावर बसावं लागतं. साठीनंतर हे फार वेळ जमत नाही. काटकोनातला फाइंडर बसवून घ्या.

एम 5 पासून पालोमार 5 फक्त सव्वादोन अंशांवर आहे. दक्षिणेला आणि जरासा पश्चिमेला. 25 मिलिमीटरच्या नेत्रिकेचं क्षेत्र साधारण एक अंशाचं, म्हणजे दोन क्षेत्रं आणि थोडं. चित्र उलटं असल्यामुळे मी हाताची दिशा आधी कागदावर लिहून घेतली होती. नळी ढकलली, एक क्षेत्र गेलं, दुसरं गेलं, आणि थांबलो. नकाशावरचे ओळखीचे चार तारे जागच्या जागी होते. त्यांच्या मध्ये तो असायला हवा होता. काळं कापड डोक्यावर घेऊन वीस मिनिटं बघितलं, नजर तिरकी करून बघितलं, नळीला हलका धक्का देऊन बघितलं. काही नाही.

तो तिथे आहे. 1950 मध्ये वॉल्टर बाडे यांना छायाचित्राच्या काचेवर सापडला. इतका विरळ की त्याची दोन्ही शेपटं दिसायला 2001 साल उजाडावं लागलं, स्लोन सर्वेक्षणाच्या नोंदींतून. आज ती वीस अंशांहून लांब आहेत. 2021 मध्ये गिएल्स आणि सहकाऱ्यांच्या गणिताने दाखवलं की त्याच्या पोटात शंभरावर कृष्णविवरं असावीत, वजनाचा पाचवा हिस्सा तेवढीच, आणि तीच ताऱ्यांना बाहेर हुसकावत असल्यामुळे तो एवढा फुगून विरळ झाला. अजून अब्जभर वर्षांत तो पूर्ण विरघळेल आणि फक्त ओघळ उरेल, जीडी-1 सारखा. वर एम 5 मध्ये लाखो तारे गच्च बांधलेले, आणि दोन क्षेत्रं खाली त्याच जातीचा एक गुच्छ विरत चाललेला. मला दिसत नव्हता, पण मी बरोबर त्याच्याकडे बघत होतो. कालव्याच्या काठावर कान लावून बसलो की आत पाणी वाहतंय हे कळायचं, तसं काहीसं वाटलं.

मग पहाटे चारला, धनू राशीतले तारे जोडून जी किटलीसारखी आकृती होते तिच्या तळाशी, एम 54 हा गुच्छ. छोटा, गोल, कापसाच्या बोळ्यासारखा, एकही तारा सुटा होत नाही. चार्ल्स मेसिए यांनी 1778 मध्ये तो नोंदवला, आणि त्यानंतर दोनशे वर्षं सगळे त्याला आपल्याच आकाशगंगेतला समजत होते. 1994 मध्ये त्याच जागी धनूची बटू दीर्घिका सापडली आणि कळलं की एम 54 तिच्या मध्यावर आहे, 87 हजार प्रकाशवर्षांवर. ती दीर्घिका फाटते आहे आणि तिचे ओघळ आकाशगंगेला वेढा घालून गेले आहेत. म्हणजे 54,000 रुपयांच्या दुर्बिणीतून तुम्हाला दुसऱ्या दीर्घिकेचा, तोही गिळल्या जात असलेल्या दीर्घिकेचा, गाभा दिसतो. नुसतं बघून हे कळणार नाही. सांगितलं की मग डोळा हटत नाही.

आता राहिलेल्या व्यवहाराच्या गोष्टी. पहिल्या पावसाळ्यात पाटाच्या कडा फुगल्या. पार्टिकल बोर्डला ओल चालत नाही आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीसुद्धा घाम धरतात. मी कडा घासून दोन हात मरीन वॉर्निश मारलं, त्यानंतर त्रास नाही. आरशाला बुरशी लागू नये म्हणून नळीची दोन्ही तोंडं बंद करून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर महिन्याला बदला. आरसा पुसू नका. धूळ बसली तरी पुसू नका. बरोबर डोक्यावरच्या वस्तूसाठी पाट फिरवणं अवघड जातं, त्या वस्तू अर्धा तास आधी किंवा नंतर बघा. गुरू, शनी, चंद्र यांच्यासाठी दुर्बीण उत्तमच आहे, त्यावर बाकीच्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. फोटो काढायचे असतील तर ही घेऊ नका, ती त्यासाठी नाही. आणि मुलांना हे सगळं आवडेल की नाही असा प्रश्न असेल, तर खर्च करण्याआधी त्यांना गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात एकदा घेऊन जा.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण फाइंडर, ती नेत्रिका आणि पाटाच्या कडांचा कापला.

बोरकरांच्या नातीची यंदा दहावी आहे, म्हणून एप्रिलमध्ये परीक्षा झाल्यावर पेंचला येईन म्हणते. मी वहीत पालोमार 5 भोवतीच्या ताऱ्यांचा नकाशा नव्याने, मोठा काढून ठेवला आहे. तिचे डोळे माझ्याहून पंचेचाळीस वर्षांनी तरुण आहेत.